चढ, ट्रेलर आणि तापणारा गिअरबॉक्स : पथकाच्या व्हॅनच्या नोंदी

१ जून २०२४, शनिवार

गाडी : फोर्ड ई-१५०, २००६ ची, ५.४ लिटरचं व्ही-८ इंजिन, चार गिअरचा ऑटोमॅटिक (४आर७५), मागच्या एक्सलचं गुणोत्तर ३.७३ (चाक एकदा फिरायला गिअरबॉक्सकडून येणारा दांडा ३.७३ वेळा फिरतो). टोइंग पॅकेज (ट्रेलर ओढण्यासाठीची कारखान्याची जादा सोय) नाही. म्हणजे गिअरबॉक्सचं तेल थंड करायला एकच सोय, रेडिएटरच्या टाकीतून फिरणारी नळी. गाडी आमच्या ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या ढोल-ताशा पथकाची. मागे ६ बाय १२ फुटांचा बंद ट्रेलर. त्यात ढोल, ताशे, ध्वज, टोल आणि पाण्याचे कॅन.

कारण : सप्टेंबरात गणपतीत सॅन डिएगोला वादन आहे. रस्ता आय-८ हा महामार्ग. एल सेंट्रो समुद्रसपाटीच्याही खाली, आणि तिथून तासाभरात रस्ता ४,००० फुटांच्या वर चढतो. वसंतात प्रेस्कॉटच्या वाटेवर गाडीला जळका वास आला होता. एका गॅरेजने ‘गिअरबॉक्स पूर्ण खोलावा लागेल’ म्हणून जो आकडा सांगितला तो गाडीच्या किमतीपेक्षा मोठा. आधी मोजून बघू, असं पथकाच्या बैठकीत ठरलं. मोजायचं काम माझ्याकडे आलं.

ट्रकथांब्यावरच्या काट्यावर सात माणसं आणि भरलेला ट्रेलर धरून वजन ९,०४० पौंड, म्हणजे ४,१०० किलो.

मोजमाप : ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकाची माहिती वाचायची जागा) ब्लूटूथ अडॅप्टर लावला. या गिअरबॉक्समध्ये तेलाच्या तापमानाचा सेन्सर मुळातच असतो, पण डॅशबोर्डवर त्याचा काटा नाही. फोर्डचे खास कोड वाचणारं अ‍ॅप घेतलं की तेलाचं तापमान, चालू गिअर आणि टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला तेलाचा जोड) किती आरपीएमने (मिनिटाला किती चक्करांनी) घसरतोय, हे तिन्ही फोनवर दिसतं. वेगळा सेन्सर, वायरिंग, गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनला भोक, काही लागत नाही. अ‍ॅप सेल्सिअसवर ठेवलं आहे. वेग मात्र मैलांतच, कारण रस्त्यावरच्या पाट्या मैलांत.

चाचणीचा चढ : आय-१७, ब्लॅक कॅन्यन सिटी ते सनसेट पॉइंट. टोइंगच्या अधिकृत चाचणीला (एसएई जे२८०७) डेव्हिस डॅमचा चढ वापरतात. बुलहेड सिटीपासून ११.४ मैल, पायथ्याशी किमान १०० फॅरेनहाइट हवा, एसी पूर्ण चालू, आणि वेग ४० मैलांच्या खाली जायचा नाही. ते ठिकाण आमच्यापासून चार तासांवर. सनसेट पॉइंट तासाभरावर. तेव्हा आमचा डेव्हिस डॅम हाच.

निकाल, बाहेर ४१ अंश, गिअरची दांडी ‘डी’वर (चारही गिअर आपोआप), एसी चालू : सपाटीवर तेल ९१. चढाच्या मध्यावर ११०. वर पोचताना १२४. गिअरबॉक्स सतत तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये घुटमळत होता.

१२४ म्हणजे काय? मेकॅनिकांचा ठोकताळा असा : ८० अंशांच्या आसपास तेल सुखात असतं, त्यापुढे दर ११ अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं. ११५ च्या पुढे आतल्या भागांवर लाखेसारखा थर बसू लागतो, १२५ च्या पुढे रबरी सील कडक होऊ लागतात. १४५ ओलांडलं की क्लचच्या चकत्यांची पाळी. आम्ही सील कडक होण्याच्या उंबरठ्यावर आहोत.

२ जून

सकाळी कागदावर हिशेब. ब्लॅक कॅन्यन सिटी साधारण २,००० फुटांवर, सनसेट पॉइंट ३,४०० च्या जरा वर. ४,१०० किलो वजन ४३० मीटर उचलायचं म्हणजे नुसत्या उचलण्याला ४.८ युनिट ऊर्जा. ६ टक्के चढावर ताशी ४५ मैलांनी जायला उचलण्यासाठी ४८ किलोवॅट, वर हवा आणि टायर यांचे वीसेक. चाकांना ७० किलोवॅट हवेत.

आता मधल्या कन्व्हर्टरचं. त्यात इंजिनाकडचं चाक तेल फेकतं आणि त्या माऱ्याने गिअरबॉक्साकडचं चाक फिरतं. दोघांत लोखंडी जोड नाही. सपाटीवर एक छोटा क्लच दोघांना घट्ट बांधतो (लॉकअप), मग घसरणं शून्य. पण चढावर ॲक्सिलरेटर खोल गेला की संगणक तो क्लच सोडतो, आणि इंजिनाची जी चक्करं पलीकडे पोचत नाहीत ती तेलात उष्णता होऊन उरतात. १५ टक्के घसरण धरली तर ८२ किलोवॅटमधले १२ तेलात. बाथरूममधले २ किलोवॅटचे सहा गिझर एकदम चालू करून गिअरबॉक्सच्या पोटात सोडल्यासारखं. तेल आणि धातू मिळून हिशेब केला तर थंड करणारं काहीच नसताना तापमान मिनिटाला दहाएक अंशांनी चढलं असतं.

माझे सासरे सध्या कोल्हापूरहून आले आहेत. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं. त्यांना कन्व्हर्टरचं चित्र काढून दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाले, ‘‘म्हंजे पाव्हणं, हा क्लच कायम अर्धा दाबलेलाच की.’’

‘‘तसंच म्हणा, मामा. लॉक होईपर्यंत.’’

‘‘मग अर्ध्या क्लचवर घाट चढवणाऱ्या ड्रायव्हरला आम्ही काय म्हणायचो ते इथं सांगत नाही.’’

खंबाटकीत बोनेट उघडून उभ्या गाड्या मीही पाहिल्या आहेत, पण ते रेडिएटरचं पाणी. आपल्याकडे गाड्या मॅन्युअल. कुणाचा गिअरबॉक्स चढाने तापला, असं तिथे कधी कानावर आलं नाही. मामांना मात्र या एका चित्राने सगळं कळलं.

८ जून

एक डॉलरही खर्च न करता काय होतं ते आधी बघायचं होतं. तोच चढ, तेच वजन, बाहेर ४२.

पहिली फेरी ओव्हरड्राइव्ह, म्हणजे चौथा गिअर, बंद करून (दांडीच्या टोकाचं बटण). गाडी तिसऱ्यात, ५० मैल. घुटमळणं थांबलं. इंजिन २,१०० च्या आसपास, पण ॲक्सिलरेटर जवळपास तळाला, म्हणून लॉकअप सारखा सुटत होता. सुटला की अ‍ॅपवर ३०० आरपीएमची घसरण. वर पोचताना ११५.

दुसरी फेरी, मामांच्या आग्रहाने. चढ लागण्याआधीच वेग ४५ वर आणला आणि दांडी ‘२’ वर, म्हणजे दुसऱ्या गिअरात. इंजिन ३,००० ला गेलं, मागून ‘गाडी ओरडतेय’ अशी तक्रार आली. वर पोचताना १०७.

डोकं खाजवायला लावणारी गोष्ट : दुसऱ्यात लॉकअप लागलाच नव्हता, तरी घसरण १०० आरपीएमच्या आसपासच. याचं कारण कन्व्हर्टरच्या स्वभावात आहे. त्याची ओढ इंजिनाच्या वेगाच्या वर्गाने वाढते. तीच ताकद जास्त चक्करांवर आणि कमी टॉर्कवर (फिरवण्याच्या जोरावर) काढली की दोन्ही चाकं जवळजवळ बरोबरीने फिरतात. ३,००० वर इंजिन निम्म्या ताकदीनेच चाललं होतं. शिवाय इंजिन जोरात फिरलं की पाण्याचा पंप, पंखा आणि गिअरबॉक्सचा तेलाचा पंपही जोरात. उष्णता कमी तयार झाली आणि जी झाली ती जास्त वेगाने बाहेर गेली.

इथले बरेच लोक चढाला इंजिन ओरडलं की घाबरून पाय सैल करतात आणि वरचा गिअर येऊ देतात. या इंजिनाचा कमाल टॉर्कच २,५०० वर आहे. ३,००० ला त्याला काहीही त्रास नाही. त्रास होतो तो आपल्या कानांना.

१५ जून

गिअरबॉक्सचं तेल बदललं. पॅन सोडल्यावर तळाशी एक पिवळा प्लास्टिकचा बूच सापडला. कारखान्यात डिपस्टिकच्या नळीचं भोक झाकायला तो लावतात आणि नळी बसवताना आत ढकलून देतात. तो अजून पॅनमध्येच, म्हणजे १८ वर्षांत पॅन कुणी उघडलाच नव्हता.

तेल लाल राहिलं नव्हतं, चहाच्या रंगाचं झालं होतं आणि वास करपलेला. लोहचुंबकावर करडी मऊ साय, ती चालते. चकाकणारे तुकडे असते तर गॅरेजवाल्याचं म्हणणं मान्य केलं असतं. एकही नव्हता.

पॅन सोडून पाचेक लिटरच निघतं, एकूण तेल १३ लिटरच्या घरात. उरलेलं कन्व्हर्टरमध्ये. म्हणून फिल्टर बदलून, पॅन लावून, वरून मर्कॉन-५ (या गिअरबॉक्सचं ठरलेलं तेल) भरलं, आणि रेडिएटरकडून परतणारी नळी बादलीत सोडून इंजिन चालू केलं. दोन लिटर बाहेर आलं की इंजिन बंद, तेवढंच वरून भरायचं, पुन्हा चालू. लाल तेल येईपर्यंत. हे दोघांचं काम आहे. एक जण चावीवर हवाच. पथकातला ताशावाला चावीवर होता, मामा बादलीवर.

पॅनचं गॅस्केट रबर-धातूचं, शाबूत होतं, पुसून तेच लावलं. बोल्ट हलक्या हाताने. पातळी इंजिन गरम आणि चालू असताना, दांडी ‘पी’वर ठेवून बघायची. थंड असताना बघून भरलं तर जास्त भरतं, मग तेलाला फेस येतो, आणि फेसाळ तेल उष्णताही नेत नाही, दाबही धरत नाही.

२९ जून

गिअरबॉक्सच्या तेलासाठी वेगळा कूलर. बाजारात ढोबळ मानाने दोन जाती. स्वस्त ती नळी आणि पंखांची : एक लांब नळी नागमोडी वळवून तिला पत्र्याचे पंख. दुसरी रचलेल्या पट्ट्यांची. तिच्यात तेल एकदम अनेक पातळ वाटांनी जातं, त्यामुळे तेवढ्याच जागेत उष्णता बरीच जास्त जाते आणि तेलाला अडथळा कमी. आणखी एक गुण : थंड घट्ट तेल तिच्यात खालच्या वाटांनीच पटकन निघून जातं आणि पातळ झाल्यावर सगळीकडे पसरतं. दुसरी घेतली, ११ बाय १० इंचांची.

रेडिएटरमधली नळी वगळायची की ठेवायची, यावर मामांशी बराच वाद. त्यांचं म्हणणं, पाणी स्वतःच ९५ अंशांचं, ते तेलाला काय थंड करणार. माझं म्हणणं, तेल १२० वर असताना ९५ चं पाणीही थंडच, आणि पाणी हवेपेक्षा फार भराभर उष्णता घेतं. शिवाय जानेवारीत फ्लॅगस्टाफला शून्याखाली गेलो की तेच पाणी तेलाला लवकर गरम करेल. एक धोका खरा आहे : रेडिएटर जुना होऊन आतली नळी फुटली तर कूलंट (रेडिएटरचं पाणी) तेलात मिसळतं आणि त्यातल्या ग्लायकॉलने क्लचच्या चकत्यांचं अस्तर सुटतं. पण आमचा रेडिएटर चार वर्षांपूर्वीच बदललेला आहे, पावती फाइलमध्ये आहे. नळी ठेवली. क्रम : गिअरबॉक्स, मग रेडिएटर, मग नवा कूलर, मग परत गिअरबॉक्स. शेवटचा हात हवेचा.

दोन नळ्यांपैकी जाणारी कुठली ते ठरवायला थंड गाडी चालू करून दोन्हींवर लेझर थर्मामीटर धरला. जी आधी तापते ती जाणारी. परतीची नळी कापून तिच्या टोकांना फुगीर कडा काढून घेतल्या, नाहीतर दाबाने होस सटकतो. होस गिअरबॉक्स-तेलासाठीचाच, ३/८ इंची. पेट्रोलचा होस दिसायला तसाच असतो, पण या तापमानाला तो टिकत नाही.

कूलरसोबत प्लास्टिकच्या काड्या येतात : एसीच्या कंडेन्सरच्या पंखांतून आरपार घालायच्या आणि कूलर त्यावर अडकवायचा. दहा मिनिटांचं काम. त्या सरळ कचऱ्यात टाकल्या. गाडीच्या थरथरीने काही वर्षांत त्या कंडेन्सरला घासून भोक पाडतात. ॲल्युमिनियमच्या एल पट्टीचे दोन ब्रॅकेट करून रेडिएटरच्या चौकटीला बोल्ट केले. कंडेन्सर आणि कूलर यांच्यात बोटभर फट. मामांनी कानशीने सगळ्या कडा मोडल्या. ‘‘हात घालणारा उद्या दुसराच कुणी असंल,’’ म्हणाले.

१३ जुलै

बाहेर ४४. मे संपत आल्यापासून इथे रोज १०० फॅरेनहाइटच्या वर आहे.

सपाटीवर ७९. उत्तम. पण चढावर अपेक्षेइतकं नाही. तिसऱ्या गिअरात ११५ चे ११०. आय-१७ वर फ्लेक्स लेनचं (गरजेप्रमाणे दिशा बदलणाऱ्या लेनचं) बांधकाम चालू आहे, त्यामुळे एका ट्रकमागे ३० मैलांनी रखडलो, आणि तेव्हाच आकडा सगळ्यात वेगाने चढला. इंजिनाच्या पाण्याचा काटाही मध्यापुढे सरकला.

यातच उत्तर होतं. ५५ मैलांना समोरून हवा फुकट मिळते. ३० ला ती पंख्यानेच ओढायची. या गाडीचा पंखा विजेचा नाही, इंजिनाला चिकट द्रवाच्या क्लचने जोडलेला आहे. रेडिएटरमागून येणारी हवा पुरेशी तापली की क्लच धरतो आणि पंखा विमानासारखा घोंघावतो. आम्ही अख्खा चढ चढलो, तो आवाज आलाच नाही.

सनसेट पॉइंटला दांडी न्यूट्रलवर ठेवून इंजिन थोडं वाढवून पाच मिनिटं उभे राहिलो. कूलरमध्ये जाणारं तेल ९६, येणारं ७८. कूलर त्याचं काम करतो आहे, त्याला हवा मिळत नाही.

२७ जुलै

फॅन क्लच बदलला. जुना हातात घेऊन फिरवला तर भिंगरीसारखा फिरत राहिला, आणि पुढच्या स्प्रिंगभोवती तेलकट धूळ. आतला सिलिकॉन द्रव गळून गेलेला. अर्ध्या दिवसाचं काम, त्यातलं बरंचसं पंख्याभोवतीचा प्लास्टिकचा घेर काढण्याचं. तो घेर जपून परत लावला. एका कोपऱ्यात तडा होता, तो रिव्हेट मारून बुजवला; घेर फाटका असेल तर पंखा रेडिएटरमधून हवा न ओढता बाजूनेच फिरवत बसतो. समोरच्या फटीही फोमने बंद केल्या.

१० ऑगस्ट

बाहेर ४३, वजन तेच, एसी चालू.

दुसऱ्या गिअरात ४५ मैल : वर पोचताना ९४. तिसऱ्यात ५० मैल : १०१. दांडी ‘डी’वर सोडून : १०८. पंखा मध्यावरच घोंघावायला लागला, मामांनी टाळी वाजवली.

मग एक उलटी चाचणी, फक्त कुतूहल म्हणून. कूलरवर पुठ्ठा बांधला आणि दुसऱ्या गिअरात चढलो. १०१. म्हणजे पंखा धड असेल आणि गिअर खालचा असेल तर कूलर झाकूनही जेवढं तापतं, तेवढंच कूलर उघडा ठेवून तिसऱ्या गिअरात तापतं. कूलरचे १७० डॉलर वाया गेले असं मी म्हणत नाही. सपाटीवरचे १२ अंश त्यानेच उतरवले. पण ज्याच्याकडे खर्चाला काही नाही, त्याने आधी दांडी खाली ओढावी, मग पंखा तपासावा, आणि कूलर त्यानंतर.

ड्रायव्हरांसाठी डॅशबोर्डवर चिकटवलेली चिठ्ठी : चढ दिसला की चढायच्या आधीच ४५ आणि ‘२’. १०५ दिसलं तर एसी बंद, वेग ४० वर. ११० दिसलं तर सुरक्षित जागा बघून थांबा, इंजिन बंद करू नका, न्यूट्रलवर चालू ठेवा.

१४ सप्टेंबर

सॅन डिएगो. पहाटे चारला निघालो, हिला बेंड, युमा, एल सेंट्रो. ओकोटियोला पोचलो तेव्हा साडेआठ, बाहेर ३१. इन-को-पाचा चढ लागण्याआधी एसी बंद करण्याची पाटी आहे, आणि पुढे रस्त्याच्या कडेला रेडिएटरसाठी पाण्याच्या टाक्या ठेवलेल्या आहेत. दोन गाड्या एका टाकीपाशी बोनेट उघडून उभ्या होत्या. मामांनी त्यांच्याकडे ओळखीचं असल्यासारखा हात केला.

एसी बंद केला नाही. दुसऱ्या गिअरात ४५, पूर्ण चढ. सगळ्यात वरचा आकडा ८९. पुढे टेकाटे डिव्हाइड (४,१४० फूट) आणि लगुना समिट (४,०५५) हे चढउतार तिसऱ्यात, ८६ च्या वर गेलंच नाही.

१५ सप्टेंबर

परत येताना तोच रस्ता उतार. ‘२’ वरच उतरलो, इंजिनाने गाडी धरली. उतारावर तेल ७५ ला आलं. मात्र ट्रेलरचे विजेचे ब्रेक वळणांवर एका बाजूला ओढत होते. डावं चाक उजव्यापेक्षा हाताला स्पष्ट गरम लागलं. ट्रेलर-ब्रेकच्या कंट्रोलरचा जोर कमी करून घरी आलो. पुढचं काम ते. डाव्या चाकाचं ड्रम पुढच्या शनिवारी उघडायचं, तोपर्यंत ट्रेलर कुणी नेऊ नये. गिअरबॉक्सची पातळी गरम असताना तपासली, बरोबर आहे, तेल लाल आहे. होसच्या चारही क्लिपा कोरड्या.